फुटून निघण्याचा हक्क

जो स्वेच्छेने संघात आला त्यास स्वेच्छेने बाहेर पडण्याचाही हक्क असलाच पाहिजे, असे एक मत अलीकडे पुण्याच्या बोलक्या मंडळींत फार रुजू लागले आहे. बुधवार पेठेत आप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांपुढे ते मोठ्या आवेशाने मांडले जाते. दिल्लीशी कराच्या वाटणीवरून खटका उडाला, की 'मग निघूनच का जाऊ नये?' हा प्रश्न ठरलेला. आम्हांस हे मत मुळातच चुकीचे वाटते. आणि त्याची परीक्षा करण्यास त्या दुकानांपासून फार लांब जावयास नको.

त्याच पेठेत नाना फडणविसांची बेलबाग आहे. १७९५ साली खर्ड्यावर निजामाविरुद्ध शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा पेशव्यांच्या बाजूने एकत्र उभ्या राहिल्या, त्या नानांच्या कारभारात. मराठा मंडळास लेखी घटना नव्हती. परंतु प्रत्येक सरदारास आपापली वाट धरण्याची मोकळीक व्यवहारात पुरेपूर होती. १८०० च्या मार्चात नाना वारले, आणि पुढे ती मोकळीक सर्वांनी मनसोक्त उपभोगली. १८०२ मध्ये गायकवाडांनी कंपनीची तैनाती फौज पत्करली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी खुद्द बाजीरावाने वसईस तह केला. म्हणजे मंडळाचा धनीच मंडळातून फुटला! १८०३ मध्ये शिंदे व भोसले इंग्रजांशी लढत होते तेव्हा यशवंतराव होळकर बाजूस राहिले. १८०४ मध्ये होळकर उठले तेव्हा शिंदे तह करून बसले होते. १८१७ च्या जूनमध्ये पुण्याच्या तहाने पेशव्याने मंडळाचे प्रमुखपद लेखी सोडले, पण तोवर सोडण्याजोगे उरले होते काय? आम्ही विचारतो, यांपैकी कोणता सरदार फुटून स्वतंत्र झाला? जो बाहेर पडला तो कलकत्त्याच्या दारात जाऊन पडला.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर तयार असते: ही शहाणपणाची गोष्ट झाली, हक्काची नव्हे, मूर्खपणाने वापरला म्हणून हक्क नाहीसा होत नाही. ठीक आहे, हक्काचेच पाहू.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा स्वच्छ सांगितला होता. हा संघ राज्यांनी आपसांत करार करून निर्माण केलेला नाही. सबब त्यातून फुटण्याचा अधिकारही कोणा राज्यास नाही. संस्थानिकांनी १९४७ मध्ये सामीलनाम्यांवर सह्या केल्या खऱ्या. परंतु त्या राजांच्या होत्या, रयतेच्या नव्हेत. शिवाय ती संस्थाने आज आहेत कोठे? औंध, सांगली, भोर, फलटण ही १९४८ च्या मार्चात मुंबई प्रांतात विरून गेली, कोल्हापूर १९४९ मध्ये गेले, आणि पुढे तो मुंबई प्रांतही राहिला नाही. आजचे महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी संसदेच्या कायद्याने जन्मास आले. त्यामागे लोकांचे रक्त सांडले होते, हे आम्ही विसरत नाही. पण ते संघातून निघण्यासाठी नव्हे, संघातच आपल्या भाषेचे राज्य मिळावे म्हणून सांडले.

आणि हा हक्क थांबतो कोठे? महाराष्ट्रास तो असेल, तर विदर्भास महाराष्ट्रातून निघण्याचा का नसावा? ज्या ८६५ गावांवर आपण हक्क सांगतो, त्यांतील कन्नड वस्तीस तो का नसावा? याचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

एवढ्यावरून दिल्लीकरांनी हुरळून जाऊ नये. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसद साध्या बहुमताने राज्याच्या सीमा बदलू शकते, त्याचे तुकडेही करू शकते; विधिमंडळाचे मत विचारावे लागते, मानावे मात्र लागत नाही. २०१४ च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले. फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले. तेलंगणाची मागणी न्याय्य होती, पण रीत न्याय्य नव्हती. २०१९ मध्ये तर जम्मू-काश्मीरचे राज्यपद काढून त्याचे दोन केंद्रशासित प्रदेश केले, तेव्हा तेथे मत विचारावयास विधानसभाच अस्तित्वात नव्हती. ज्यास घर सोडण्याची मुभा नाही, त्याची खोली त्यास न विचारता पाडावयाची, हा कोणता न्याय? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकच्या बाबतीत यापेक्षा बरी वाट दाखविली: एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत पडले, तर उरलेल्या देशास वाटाघाटीस बसावेच लागेल.

आम्हांस तिसऱ्या अनुच्छेदाची अशीच दुरुस्ती हवी आहे. विदर्भाचा प्रश्न उद्या संसदेपुढे आलाच, तर नागपूर-अमरावतीच्या मतदारांचा कौल घेतल्यावाचून आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाशी बोलणी पुरी केल्यावाचून विधेयक मांडताच येऊ नये.