व्हायोलिनवाल्याला पगार कोण देणार?

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. वाचायला घेतली तर वाटेल, हा काय आपल्या गावाचा विषय? पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्याच मुलांचा आणि आपल्याच पैशांचा आहे.

पंडित वि. गो. जोग हे नाव आपल्या शहाद्यात किती जणांना माहीत असेल? विष्णू गोविंद जोग. १९२२ साली एका मराठी घरात जन्मलेला माणूस. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतात व्हायोलिन हे एकट्याने मैफल पेलू शकणारं वाद्य आहे, हे ज्या मोजक्या लोकांनी देशाला दाखवून दिलं, त्यांतले ते एक. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबरची त्यांची जुगलबंदी आजही यूट्यूबवर सापडते, जरूर ऐका. १९८० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९८३ साली पद्मभूषण. ३१ जानेवारी २००४ ला कोलकात्यात गेले.

मराठी घरातला मुलगा, उमेदीची वर्षं लखनौत, नंतरचं आयुष्य कोलकात्यात. असं का? माझ्या मते त्यांच्या चरित्रातला आपल्या कामाचा भाग हाच आहे.

आधी थोडं वाद्याबद्दल. व्हायोलिन आलं युरोपातून. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कर्नाटक संगीतात आणलं. उत्तरेकडच्या संगीतात त्याला मान मिळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. चार तारा आणि एक गज, बस. हार्मोनियमसारख्या पट्ट्या नाहीत, सतारीसारखे पडदे नाहीत. बोट केसभर सरकलं की सूर गेला. पण पडदे नाहीत म्हणूनच एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाता येतं, गळ्यासारखी मींड काढता येते. आपल्या लोकांनी ते उभ्याने वाजवायचं सोडलं, मांडी घालून बसले, व्हायोलिनचं एक टोक छातीशी आणि दुसरं पायाच्या घोट्यावर टेकवलं, आणि परक्या वाद्याला खयाल गायला लावला.

आणि तो गज कशाचा असतो? घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. ज्या तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीचा एवढा मोठा घोडेबाजार भरतो, तिथे व्हायोलिन परकं आहे असं म्हणायचं कोणत्या तोंडाने?

आता जोगांकडे येऊ. शंकरराव आठवले, गणपतराव पुरोहित यांच्याकडे शिक्षण झालं, पुढे डॉ. श्रीकृष्ण रातंजनकरांचं मार्गदर्शन मिळालं. रातंजनकर तेव्हा लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य होते. हे कॉलेज १९२६ साली पंडित भातखंड्यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलं होतं. जोगांनी त्याच कॉलेजात व्हायोलिन शिकवलं. नंतर आकाशवाणीची नोकरी घेऊन ते कोलकात्याला गेले आणि तिथलेच झाले. अनेक बंगाली शिष्य तयार केले. शिशिरकणा धर चौधरी यांचं नाव त्यात पहिल्यांदा घ्यावं लागतं.

म्हणजे बघा, एक कॉलेज आणि एक रेडिओ. रियाझ जोगांनी केला, प्रतिभा त्यांची, कष्टही त्यांचे. त्यातलं काहीच मी कमी लेखत नाही. पण महिन्याच्या महिन्याला घरात पगार येत होता म्हणून व्हायोलिन खाली ठेवावं लागलं नाही, हेही तेवढंच खरं. आपण कलावंतांच्या गोष्टी सांगतो तेव्हा गुरूच्या घरी पाणी भरल्याचं, पहाटे चारला उठल्याचं सांगतो. पगाराचं कोणी सांगत नाही.

त्या काळी देश काही श्रीमंत नव्हता. नुकतं स्वातंत्र्य मिळालेलं, धान्याची टंचाई. तरी १९५२ साली आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी. गृहस्थ हट्टी. सिनेमाची गाणी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केली, लोक चिडून रेडिओ सिलोन लावू लागले, शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. तो हट्ट चुकीचाच होता असं मी म्हणेन. लोकांनी काय ऐकावं हे मंत्र्याने ठरवू नये. पण त्याच धोरणामुळे कितीतरी गवई-वादकांना सरकारी पगार मिळाला आणि खेड्यातल्या माणसाच्या कानावर फुकटात मोठं गाणं पडलं, हे श्रेयही केसकरांना द्यावंच लागेल.

कोणी म्हणेल, लखनौ-कोलकाता मोठी शहरं, आपला काय संबंध? मग औंधचं उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातलं छोटं गाव, छोटंसं संस्थान. तिथल्या दरबारचे गायक अंतूबुवा जोशी, आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा. जन्म १९११. गाण्यात ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तीन घराण्यांची विद्या मिळवली आणि व्हायोलिन स्वतःच्या हिमतीवर हाताशी धरलं. गायक म्हणूनही पहिल्या रांगेत, व्हायोलिनवादक म्हणूनही. तेही पुढे आकाशवाणीत होतेच. त्यांनी १९४० साली औंधला संगीत महोत्सव सुरू केला. तो त्यांच्यामागेही चालू राहिला, आणि चांगली चांगली माणसं त्या गावात जाऊन गातात. त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर मूळचे कुठले? यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचे. नकाशावर पांढरकवडा शहाद्यापेक्षा काही मोठा दिसत नाही.

मग आपल्याकडे काय कमी आहे?

कान कमी नाही. होळीला सातपुड्यात जाऊन ढोल आणि पावरीवर रात्रभर नाचणारी माणसं बघा, ताल अंगात किती मुरलाय ते कळेल. लग्नसराईत आपल्या खान्देशी बँडमधला क्लॅरिनेटवाला एकदा ऐकलेलं गाणं जसंच्या तसं वाजवतो, कागद न बघता. पैसाही कमी नाही. गणपतीत एका रात्रीच्या डीजेचा खर्च काढा. शिकाऊ व्हायोलिन चार-पाच हजारांत येतं. भागाकार तुम्हीच करा.

कमी आहे ती व्यवस्था. मुलाला वाद्य शिकायचं असेल तर कुठे जायचं? फार तर हार्मोनियम-तबल्याचा एखादा खाजगी क्लास. त्यापुढे शिकायचं तर रात्रीची गाडी पकडून पुणे-मुंबई गाठा. शाळांमध्ये कलेचा तास वेळापत्रकात असतो, प्रत्यक्षात त्यात गणित उरकलं जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की कला हा अभ्यासाबाहेरचा विषय मानू नये. कागद बोलका आहे, पण शिकवायला माणूस हवा ना.

यावर एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे. "भाऊ, आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित यादीत आहे. इथे पोरांना पोटभर आहार मिळत नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि तुम्ही व्हायोलिन काय घेऊन बसलात?" आक्षेप खोटा नाही. आधी आहार, आधी दवाखाना, यात वादच नाही. पण संगीतशिक्षकाचा पगार वाचवला म्हणून दवाखान्यात डॉक्टर आला, असं मी तरी अजून पाहिलं नाही. गरीब जिल्ह्यातल्या पोराने फक्त पोट भरावं आणि श्रीमंत शहरातल्या पोराने संगीत शिकावं, हा न्याय कुठला? मला तर हा आक्षेप आपल्या मुलांचा अपमान वाटतो.

मागणं फार मोठं नाही. तीन गोष्टी.

एक, तालुक्यातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांनी मिळून एक तरी पूर्णवेळ वाद्यशिक्षक नेमावा. आठवड्यातून एक दिवस एका शाळेत. पगार वाटून घ्या, कुणा एकावर ओझं नाही.

दोन, त्या शिक्षकाच्या जोडीला पावरी वाजवणारे, ढोल वाजवणारे आणि बँडमधले जुने वादक मानधन देऊन शाळेत बोलवावेत. मानधन, बरं का. नुसती शाल आणि नारळ नको. व्हायोलिन आलं म्हणून पावरी मागे पडायला नको.

तीन, गणेश मंडळांनी वर्गणीचा दहावा हिस्सा बाजूला काढून वर्षातून एक बैठक ठेवावी. तिकीट नाही, व्यासपीठावर सत्कार नाहीत, पुढाऱ्यांची भाषणं नाहीत. दोन तास फक्त वादन. पहिल्या वर्षी पन्नास माणसं येतील. येऊ द्या.

ज्या तालुक्याने सहकारातून साखर कारखाना उभा केला, सूतगिरणी उभी केली, त्याला एका शिक्षकाचा पगार जमणार नाही हे मला पटत नाही. त्या पिढीने कारखाना काढला तेव्हाही "हे आपल्या आवाक्यातलं नाही" म्हणणारे होतेच की.

यातून उद्या लगेच कोणी वि. गो. जोग निघणार नाही. शंभर पोरं शिकतील, नव्वद सोडून देतील, नऊ घरच्या घरी वाजवतील. उरलेल्या एकाला गाव सोडावं लागू नये, एवढंच माझं म्हणणं. शिक्षणसंस्थांमध्ये, मंडळांमध्ये, नगरपालिकेत जे बसले आहेत ते यातले बरेच जण ही पोस्ट वाचतात हे मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षाच्या पगारातला माझा वाटा मी द्यायला तयार आहे. अजून कोण कोण आहे, ते सांगा.