ट्रकखाली गाडी घुसते, चूक फक्त ड्रायव्हरची का?

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या उभ्या दिसतात. मागे रिफ्लेक्टर नसतो, दिवा असला तरी लोंबणाऱ्या उसात झाकलेला. मोटारसायकलवाला धडकला की आपण म्हणतो, 'जोरात होता, दिसलं नाही त्याला.' विषय तिथंच संपतो.

अमेरिकेत एका आईने तो संपू दिला नाही. 4 मे 2013 रोजी जॉर्जिया राज्यात मेरियन कार्थ यांच्या कारला ट्रकने धडक दिली. कार गरकन फिरली आणि मागच्या बाजूने दुसऱ्या ट्रेलरखाली घुसली. मागच्या सीटवरच्या दोन मुली गेल्या. आई आणि मुलगा वाचले.

असं का होतं? ट्रेलरचा सांगाडा उंच, कार बुटकी. धडकेचा मार झेलायला कारचा खालचा भाग मजबूत केलेला असतो, पण तो ट्रेलरखाली निघून जातो आणि लोखंडी कड थेट माणसाच्या डोक्याशी येते. म्हणून ट्रेलरच्या मागे खाली आडवा दांडा, म्हणजे गार्ड लागतो. तिथं तो सक्तीचा होताच, पण जोराच्या धडकेत टिकत नव्हता.

कार्थ कुटुंबाने 2014 मध्ये सरकारकडे अर्ज केला. अशीच मुलं गमावलेली इतर कुटुंबंही पुढं आली. 2017 मध्ये संसदेत विधेयक आलं. 2022 मध्ये नियम कडक झाला: ताशी 56 किलोमीटर वेगाची धडक गार्डने सोसली पाहिजे. बाजूच्या गार्डची सक्ती मात्र तिथं अजून झालेली नाही. म्हणजे नऊ वर्षांत अर्धंच काम झालं.

त्यांचं म्हणणं साधं आहे. माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मरण असू नये. तेवढी काळजी गाडी बनवणाऱ्याने घ्यावी.

आपल्याकडेही मोठ्या ट्रकना मागे आणि बाजूला गार्ड लावायचा नियम आहे. पण रस्त्यावर उभं राहून बघा, किती गार्ड वाकलेले, किती गायब. ट्रॉलीचं तर विचारूच नका.

मी स्वतः ऊस घालतो, म्हणून सांगतो. हंगामाआधी ग्रामसभेत ठराव करा: रिफ्लेक्टर, चालू दिवा आणि मागे दांडा नसेल तर ट्रॉली कारखान्याच्या गेटातून आत घेऊ नये. दांड्याला खर्च येईल, मान्य. पण आपल्या घरचं माणूसही त्याच रस्त्याने रात्री परत येतं.