टाच दुखते तिला आळशी म्हणू नका

सोरायसिस असलेली सून सकाळी लंगडत ओट्याशी येते आणि घर म्हणतं, "वजन कमी कर, कामाचा कंटाळा!" बायांनो, पुरे झालं. हा आजार नुसता कातडीत राहत नाही. पोटरीचा टेंडन टाचेच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, तिथेही सूज आणतो. सोरायसिसच्या १०० रुग्णांत साधारण २० ते ३० जणांना सांधेदुखी गाठते, बहुतेकदा चट्ट्यांनंतर काही वर्षांनी. पण त्वचेच्या डॉक्टरांना आपण टाच दाखवत नाही आणि हाडांच्या डॉक्टरांपासून चट्टे लपवतो. (बाह्या तेवढ्या लांब शिवून घेतो!) सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासावर टिकत असेल, तर तिला संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या. तेल चोळून, विटेचा शेक देऊन महिने काढलेत, तर झिजलेला सांधा परत मिळत नाही.