घरचं गॅरेज : डावीकडे ओढणारी पद्मिनी

शाबानमध्ये कऱ्हाडहून भाच्याचा फोन आला. "मामू, ब्रेक दाबला की नानांची गाडी डावीकडे पळते." नानांची गाडी म्हणजे आमच्या अब्बांची प्रीमियर पद्मिनी. चार दिवसांनी चिपळूणला निकाह होता आणि अब्बांचा हट्ट, नवरी याच गाडीतून येईल. मध्ये कुंभार्ली घाट.

आठवडाभरापूर्वीच पुढच्या डाव्या चाकाचं काम झालं होतं. व्हील सिलिंडर गळत होता, गॅरेजवाल्याने नवा बसवून दिला. काम स्वच्छ होतं, बोल्ट घट्ट होते, गळती थांबली होती. मी दोन्ही बाजूंचे ड्रम उतरवले, सिलिंडर खोलून व्हर्नियर लावला, तेव्हा उलगडा झाला. नव्या सिलिंडरचं आतलं भोक उजव्यापेक्षा मोठं होतं. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ.

एवढ्याने काय होतं? हिशोब करून पाहा. एक भोक पाऊण इंचाचं आणि दुसरं सात अष्टमांश इंचाचं धरा. फरक जेमतेम तीन मिलिमीटर. पण तेलाचा दाब दोन्हीकडे सारखाच असतो, आणि बळ ठरतं ते पिस्टनच्या क्षेत्रफळावर. म्हणजे मोठ्या भोकाच्या बाजूला शू ३६ टक्के जास्त जोराने ड्रमवर दाबला जातो. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग जरा ओढतं, एवढंच वाटतं. ओल्या वळणावर तीच ओढ गाडीला दरीकडे नेईल.

"हँडब्रेक आहे ना," अब्बा म्हणाले. हँडब्रेक तारेने फक्त मागची दोन चाकं धरतो. तो गाडी उभी ठेवण्यासाठी आहे, भरलेली गाडी घाटात थांबवण्यासाठी नाही. शिवाय आमच्या गाडीत ब्रेकची एकच लाइन चारही चाकांना जाते. एका चाकाशी तेल गेलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. मी चावी खिशात घातली. निकाहला आम्ही भाड्याच्या जीपने गेलो. अब्बा पाटणपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आता भागांचं. १९७४ पासून ही गाडी पद्मिनी नावाने निघाली, त्याआधी तीच फियाट ११०० होती. कारखाना कुर्ल्याचा. गाडी बनायची थांबल्यावरही मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी पळत होत्या, म्हणून लायनर, रबरं, स्प्रिंगा कुठल्याही दुकानात मिळायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, आणि त्या गिऱ्हाइकाबरोबर मालही आटत चालला आहे. दुकानदार मग "बसून जाईल" म्हणून मिळतंजुळतं देतो. बसतं, हे खरं. गॅरेजवाल्याने तरी दुसरं काय केलं?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मी जुना सिलिंडर रुमालात बांधून नेला. फोनवर फोटो पाठवून हा भाग मागवू नका. फोटोत भोक मोजता येत नाही. तिसऱ्या दुकानात एका बुजुर्गांनी वरच्या फळीवरून मापाची जोडी काढली. पिस्टन काढून आत बोट फिरवलं आणि एक बाजूला ठेवला. "याच्या आत गंज आहे, हा मी देणार नाही." पैसे मी मोजून ठेवलेच होते. न सांगता दिला असता तर मला घरी गेल्यावरच कळलं असतं, की तेव्हाही नाही, अल्लाह जाणे. चांगला तेवढा घेतला. ते म्हणाले, दुसरा मिळाला नाही तर जुन्याच सिलिंडरला लेथवाल्याकडून स्लीव्ह बसवून मूळ मापावर आणा. उजवीकडचा मी तसाच करून घेतला.

घरी काम करणार असाल तर थोडं सांगतो. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे स्प्रिंग कुठे अडकवायची ते दुसऱ्या बाजूला पाहता येतं. लायनर एका बाजूचा झिजला तरी त्या एक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलायचे. ड्रम लेथवर लावायचा तर दोन्ही, आणि मर्यादेपलीकडे खरडलेला ड्रम भंगारात. जुन्या लायनरच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ती फुफ्फुसात बसते. हवेच्या पाइपने ती कधीही उडवू नका. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने टिपा, फडकं पिशवीत बांधून टाका, मुलांना त्या वेळी अंगणात फिरकू देऊ नका.

आणि आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते ऑइल नाही. नावाला भुलून एका शेजाऱ्याने इंजिन ऑइल ओतलं होतं. दोन दिवसांत सगळी रबरं फुगली आणि चाकं जाम. डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं पाहा. अर्धी उघडी राहिलेली डबी हवेतलं पाणी ओढते, ती पुढच्या वर्षासाठी जपू नका. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

ईदच्या दुसऱ्या दिवशी ईदगाहच्या रिकाम्या मैदानावर मी आणि भाच्याने वीसेक वेळा ब्रेक मारून पाहिला. धुळीत दोन सरळ रेघा उमटल्या. अब्बा कठड्यावर बसून पाहत होते. उठले, काठीने रेघा तपासल्या आणि पुढचा दरवाजा उघडून आत बसले. "चला, चिपळूणला. नवरीला ईदी द्यायची राहिली आहे."