गाडी तुमची, पण नाव कुणाचं?

वाळूजच्या कंपनीत नुकतं लागलेलं पोरगं पहिली गाडी घेतं ती बहुतेक जुनीच. नवी परवडत नाही आणि शिफ्ट कुणासाठी थांबत नाही. मित्राच्या मित्राकडून व्यवहार होतो. पैसे मोजले जातात, चावी मिळते आणि डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत गाडी नावावर करायचा टीटी फॉर्म पडून राहतो. विकणाऱ्याची सही झालेली, चेसिस नंबर पेन्सिलने घासून घेतलेला, घेणाऱ्याच्या नावाची जागा मात्र कोरी. ‘नावावर करू की नंतर, कुठं पळून चाललोय?’

अशा कोऱ्या फॉर्मवर आपल्या शहरात किती गाड्या पळत असतील! तुमची त्यातलीच असेल, तर कृपा करून हे शेवटपर्यंत वाचा.

गाडी विकणाऱ्यांनो, आधी तुम्ही. चावी दिलीत म्हणून सुटला नाहीत. 2007 साली एकाने आपली कार विकली. ती पुढे या हातातून त्या हातात गेली. मे 2009 मध्ये तिच्याखाली सापडून एकाचा जीव गेला. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये निकाल लागला. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी विकून जवळपास दोन वर्षं झाली होती, हे त्याच्या कामी आलं नाही.

हे तुमच्या घरावर येऊ देऊ नका. गाडी राज्यातच विकली असेल तर 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवा. फॉर्म 29 त्यासाठीच आहे. मुदत टळली असेल तरी जा. दंड भरा, पण जा. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय म्हणून निर्धास्त झोपू नका. त्या कागदाने आरटीओतलं नाव बदलत नाही. ई-चलान तुमच्याच मोबाईलवर येत राहणार, आणि त्या गाडीवर कुणी सोनसाखळी ओढली तर पोलीसही आधी तुमचंच दार वाजवणार.

आता घेणाऱ्यांनो, तुमच्याकडे वळतो. तुमची जोखीम कमी आहे असं वाटत असेल तर विम्याचा कागद काढा. गाडीमालक स्वतः चालवताना दगावला तर त्याच्या घरच्यांना 15 लाख मिळावेत, असं सक्तीचं संरक्षण असतं. पण त्यासाठी आरसीवर नाव त्याचं हवं, पॉलिसीवर नाव त्याचं हवं आणि लायसन चालू हवं. उद्या बीड बायपासवर काही विपरीत घडलं आणि दोन्ही कागदांवर नाव जुन्याच मालकाचं निघालं, तर तुमच्या बायकोने काय दाखवायचं? हप्ता तुम्ही भरलात, पेट्रोल तुम्ही टाकलंत, गाडी तुम्हीच पुसत होतात; यातलं काहीच विमा कंपनी विचारात घेणार नाही.

म्हणून गाडी नावावर करायला 30 दिवसांच्या आत फॉर्म 30 भरा. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्या. दोन्ही करा, एक केलं की दुसरं आपोआप होत नाही.

‘पण कागदच नाहीत,’ असं म्हणून गाडी तशीच दामटू नका. आरसी हरवली? पोलिसांत तक्रार द्या, तिची प्रत जोडून नोंदलेल्या मालकाकडून फॉर्म 26 भरून घ्या, दुसरी प्रत मिळते. कर्ज फिटलं, पण बोजा तसाच आहे? फायनान्सकडून ना हरकत आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घ्या. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी मागा.

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती मालक वारल्यावर. वडील गेले, गाडी पोरगा चालवतो, नाव वडिलांचंच. दुःखात कागद कुणाला सुचतात, हे खरं. पण वारसाने मृत्यूची माहिती आरटीओला 30 दिवसांत द्यायची असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची असते. मग विकायची तर खुशाल विका. भावाबहिणींच्या सह्या आजच घेऊन ठेवा. पुढे जमिनीवरून वाजलं की गाडीच्या कागदावर कुणी सही करत नाही.

आणि जुना मालक सापडतच नसेल तर? आरसीवरच्या पत्त्यावर जा. शेजाऱ्यांना विचारा. जुन्या पॉलिसीवरचा नंबर लावून पाहा. रजिस्टर पोस्टाने पत्र टाका, पोचपावती जपा, आणि सगळं घेऊन आरटीओत अधिकाऱ्यालाच भेटा. ‘सहीचं मी बघतो’ म्हणणारा भेटला, तर हात जोडून परत फिरा. खोटी सही हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात अडकाल तुम्ही, तो नव्हे.

जुन्या गाड्यांच्या दुकानदारांनो, तुम्हालाही सांगणं आहे. एप्रिल 2023 पासून या धंद्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद ऑनलाइन होते. ते अधिकारपत्र भिंतीवर लावा. गिऱ्हाइकांनो, ते नसेल तर पुढच्या दुकानात जा.

तुम्ही कुणाला फसवायला निघालेला नाही. फक्त राहून गेलंय. आज रात्री आरसी काढा, वरचं नाव वाचा. ते तुमचं नसेल, किंवा विकलेल्या गाडीवर अजून तुमचंच असेल, तर समोरच्याला आत्ता फोन लावा. त्याचा नंबर चालू आहे तोवर.