सुटलेले खटले कोण वाचणार?

१ जुलै २०२४ नंतर सरकारी वकिलांसाठी जेवढ्या कार्यशाळा झाल्या, तेवढ्या माझ्या उभ्या नोकरीत झाल्या नव्हत्या. नवे तीन फौजदारी कायदे लागू झाले आणि सभागृहं भरायला लागली. पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन, मग पडद्यावर तक्ता. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. खून ३०२ ऐवजी १०३, फसवणूक ४२० ऐवजी ३१८, सासरचा छळ ४९८-अ ऐवजी ८५. भारतीय न्याय संहितेत ३०२ हे आता धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं कलम आहे, आणि संहितेत कलमंच ३५८ असल्यामुळे ४२० तर उरलंच नाही, असं वक्ते सांगतात. सभागृह हसतं. मग जेवण, मग प्रमाणपत्र.

निवृत्तीनंतर अशा दोन-तीन ठिकाणी मलाही बोलावलं होतं. मागच्या रांगेतले तरुण सहकारी मांडीवरच्या फोनवर कोर्टाच्या कारकुनाचे निरोप वाचत होते, कारण त्यांचा बोर्ड तिकडे चालूच होता. त्यांना दोष कसा देणार? तक्ता तर त्यांच्या फोनमध्ये आधीपासून होता. अशा दिवसाला माहितीचं वाटप म्हणा. शिक्षण म्हणायला मी तयार नाही.

मी लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन सहायक सरकारी अभियोक्ता झाले आणि बहुतेक नोकरी मराठवाड्यातल्या तालुका कोर्टांत केली. लोकांना वाटतं, सरकारी वकील रात्रभर केस वाचून येतो. खरं असं असतं की पैरवी हवालदार सकाळी साडेदहाला कागद हातात देतो, तोवर साक्षीदार व्हरांड्यात येऊन बसलेला असतो. त्याच्याशी दहा मिनिटं बोलायला मिळाली तर नशीब. अकराला रिमांड, मध्येच जामिनाच्या अर्जांवर ‘से’, मग सरतपास. समोरचा आरोपीचा वकील ती एकच केस घेऊन आलेला असतो आणि त्याने काल संध्याकाळी तीन निवाडे काढून ठेवलेले असतात.

या धावपळीत कायदा किती वेळा पालटतो, ते एका उदाहरणावरून सांगते. मोबाइलचे कॉल तपशील किंवा सीसीटीव्हीचं चित्रण पुराव्यात आणायचं तर जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखालचं प्रमाणपत्र लागायचं. २००५ मध्ये संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र नसलं तरी दुसऱ्या मार्गाने पुरावा देता येईल. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर खटल्यात ते बदललं, प्रमाणपत्र हवंच. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा सवलत दिली. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी ती काढून घेतली. हा शेवटचा निवाडा आमच्या जालन्याच्या निवडणुकीतला आहे. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर भरला गेला की नाही, हे कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून ठरायचं होतं. खोतकर-गोरंट्याल वाद म्हणून गावोगाव चर्चा झाली. पण त्यातून पुराव्याचा केवढा कायदा ठरला, हे त्याच जिल्ह्यातल्या किती सरकारी वकिलांना कुणी बसवून समजावलं?

त्या निवाड्यात सरकारी वकिलाच्या रोजच्या कामाचं बरंच काही आहे. प्रमाणपत्र आवश्यक आहे, पण ज्याने ते मागण्यासाठी शक्य तेवढं सगळं केलं आणि तरीही ते मिळालं नाही, त्याला त्यातून सूट आहे. खटला संपेपर्यंत न्यायालय ते मागवूही शकतं, आरोपीच्या बचावाला धक्का लागत नसेल तर. म्हणजे दोषारोपपत्रासोबत प्रमाणपत्र नसलं म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. मोबाइल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला बोलावण्याचा अर्ज वेळेवर द्यायचा. ज्याला हे ठाऊक आहे त्याचा पुरावा वाचतो. ज्याला नाही, तो न्यायाधीशांसमोर ‘तपासी अंमलदाराने जोडलं नाही, साहेब’ एवढंच म्हणतो. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमात प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहायची. तालुक्याच्या ठिकाणी हा तज्ज्ञ कोण आणि हॅश व्हॅल्यू कुणी, कधी, कशी काढायची, हे तक्त्यात नसतं.

सगळंच काही नवं आणि तांत्रिक नसतं. साक्षीदार फितूर होणं हे तर आमचं रोजचं. तो फितूर झाला की पोलिसांसमोरच्या जबाबातला नेमका भाग त्याला वाचून दाखवायचा आणि त्याने नाकारला की ‘भाग अ’ अशी खूण करून घ्यायची. पुढे तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की साक्षीदाराने आपल्याला तसं सांगितलं होतं, हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं. तो जबाब स्वतः पुरावा होत नाही, पण साक्षीदार फिरला हे रेकॉर्डवर येण्याचा रस्ता तोच. मधल्या काळात अंमलदाराची बदली होते, तो वर्षभराने येतो, तोवर सरकारी वकीलही बदललेला असतो, आणि ‘भाग अ’ तसाच लटकत राहतो. आणखी एक. फितूर साक्षीदाराची सगळी साक्ष कचऱ्यात जात नाही. पंच म्हणाला, ‘सही माझी आहे, पण पंचनामा वाचला नाही,’ तर ती सही तरी हाताशी राहते. हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही. एका ज्येष्ठ सरकारी वकिलांनी चहाच्या टपरीवर सांगितलं. असे ज्येष्ठ ज्यांच्या वाट्याला येत नाहीत, त्यांनी काय करायचं?

त्यात आता दोन कायद्यांचा संसार आहे. ३० जून २०२४ पर्यंत घडलेला गुन्हा भारतीय दंड संहितेखाली चालणार आणि त्यानंतरचा न्याय संहितेखाली. एकाच बोर्डावर दोन्ही. जुने खटले संपायला किती वर्षं लागतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा.

सगळ्यात वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. जानेवारी २०१४ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या खटल्याचा निकाल लागला. अहमदाबादेतली सहा वर्षांची मुलगी, बलात्कार आणि खून. तपासातल्या आणि अभियोगातल्या चुकांमुळे आरोपी सुटला आणि सर्वोच्च न्यायालयाला ती सुटका कायम करावी लागली. त्या अस्वस्थतेतून न्यायालयाने सगळ्या राज्यांच्या गृह विभागांना सांगितलं की निर्दोष सुटकेचा प्रत्येक निकाल तपासा. पोलिस आणि अभियोग यांच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमा. सापडलेल्या चुका प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात घाला आणि तो अभ्यासक्रम दरवर्षी पाहा. मुदत दिली होती सहा महिन्यांची.

प्रत्यक्षात सुटकेचा निकाल आला की आमच्याकडून मत मागवलं जातं, अपील करावं की नाही. ‘अपील योग्य नाही’ लिहिलं की फाइल बंद. आपण कुठे कमी पडलो, हा रकानाच नाही. समितीच्या बैठकीत पोलिस म्हणतात वकिलाने नीट चालवलं नाही, वकील म्हणतो तपासच पोकळ होता. त्याचं एक कारण त्याच निवाड्यात आहे आणि इथे माझं त्याच्याशी पटत नाही. चुकलेल्यांवर जबाबदारी निश्चित करून कारवाई करा, असंही न्यायालयाने सांगितलं. ते तत्त्वतः बरोबर आहे. पण जिथे शिक्षा होते तिथे कुणी खरं बोलत नाही. कारवाईची समिती वेगळी ठेवा आणि शिकण्याची बैठक वेगळी.

ही बैठक पोलिसांच्या सभागृहात, पोलिसांच्याच यजमानपदाखाली नको, असंही मला वाटतं. न्यायाधीशांना उत्तनची न्यायिक अकादमी आहे, पोलिसांना नाशिकची. आमचे वर्ग बहुतेक पाहुण्यासारखे दुसऱ्याच्या घरी भरतात. हा मानापमानाचा प्रश्न नाही. हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी वकील हा पोलिसांचे कागद पुढे ढकलणारं टपाल कार्यालय नव्हे. १९९५ मध्ये शहाणे खटल्यात महाराष्ट्र सरकारला सहायक सरकारी अभियोक्ते पोलिस खात्यापासून वेगळे करायला लावलं. कागदावर आम्ही वेगळे झालो. पण ‘या कागदांवर गुन्हा उभा राहत नाही’ असं पोलिस निरीक्षकाला तोंडावर सांगणं हेही शिकावं लागतं, आणि ते त्याच्याच कार्यक्रमात शिकता येत नाही.

दिवाणी बाजूकडे तर कुणी पाहतच नाही. जिल्हा सरकारी वकील सकाळी खुनाचा खटला चालवतात आणि दुपारी सरकारविरुद्धचे भूसंपादनाचे दावे. २०१४ मध्ये पुणे महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नव्या भूसंपादन कायद्याच्या २४व्या कलमाचा जो अर्थ लावला, त्यावर देशभर संपादनं रद्द होऊ लागली. मार्च २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो अर्थ मोडीत काढला. ज्या सरकारी वकिलाला दुसरा निवाडा माहीत नाही, तो जनतेची जमीन किंवा जनतेचा पैसा घालवतो. जुन्या कायद्याखालच्या वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज चढतं, म्हणजे तारीख चुकली तरी बिल सरकारच्याच नावावर.

आणि सत्र न्यायालयात गंभीर खटले चालवणारे बरेच सरकारी वकील ठरावीक मुदतीच्या पॅनेलवरचे असतात. सरकार बदललं की यादी बदलते. ज्याची पुढच्या वर्षीची खात्री नाही त्याच्या शिक्षणावर खर्च कोण करणार, असा विचार होत असावा. बलात्कार आणि खुनाचे खटले मात्र त्याच्याच हाती.

माझी मागणी मोठी नाही. महिन्यातला एक कामाचा दिवस प्रत्येक सरकारी वकिलाला बोर्डातून मोकळा द्या. पॅनेलवरच्यांनाही, त्या दिवसाच्या फीसह. जिल्ह्याच्या ठिकाणी सगळ्यांना बसवा आणि त्याच जिल्ह्यातले सुटकेचे दोन निकाल पहिल्या पानापासून वाचा. शिकवायला आरोपीच्या वकिलांना बोलावा. आम्हाला हरवणारे तेच आहेत, आमची ढिली जागा त्यांच्याइतकी कुणाला माहीत नाही. काही जण नक्की येतील, वकिलांना स्वतःच्या जिंकलेल्या केसबद्दल बोलायला आवडतं! कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला एखादा शास्त्रज्ञ वर्षातून दोनदा आला तरी पुरे.

यावर ठरलेलं उत्तर मिळेल: एक दिवस गेला तर प्रलंबित खटले वाढतील. आत्ता सरकारी वकील तयारीविना उभा राहतो म्हणून ज्या तारखा पडतात, त्या आधी मोजा.

गृह विभागाने आणि अभियोग संचालनालयाने दरवर्षी एक आकडा जिल्हावार जाहीर करावा. किती कार्यशाळा झाल्या तो नको. निर्दोष सुटकेचे किती निकाल सरकारी वकिलांनी एकत्र बसून वाचले, तो आकडा द्या.