दप्तराबाहेरचा वाडा

चांदवडचा रंगमहाल, म्हणजे लोकांच्या तोंडचा होळकर वाडा, त्याच्या कोरीव लाकडी खांबांसाठी पाहून जो प्रवासी मुंबई–आग्रा रस्त्याला लागतो, त्याला उन्हाळ कांदा निघून मोकळ्या झालेल्या वावरात बसलेला मेंढरांचा कळप दिसला, तर त्या बैठकीलाही इकडे वाडाच म्हणतात. आणि रंगमहाल उभारणारे घराणे मूळचे धनगरांचे असल्यामुळे हे दोन वाडे येथे परस्परांना परके नाहीत.

या दुसऱ्या वाड्याची रचना मात्र रोजची आहे. सायंकाळी खुंट्या ठोकून वाघर, म्हणजे दोरीची जाळी, ताणावी, मेंढरे आत घ्यावी, कोकरे निराळी ठेवावी, कुत्री बाहेर सोडावी, आणि रात्रभरात लेंड्यामुताने तेवढी जमीन माखली की दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यावर सरकवावी, असे करीत नांगरटीपूर्वी सबंध वावर खतावून निघते. ह्यालाच मेंढ्या बसवणे म्हणतात, आणि त्याचा मोबदला शेतकरी धान्याने अथवा रोखीने चुकता करतो. दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणाकडे गेलेले कळप पावसाळ्याच्या तोंडावर परत वर येतात, कारण संततधारेत मेंढीचे खूर कुजतात. ज्या मुलखाला आपण दुष्काळी म्हणून हिणवतो, तोच तिला मानवतो.

सरकारी दप्तराला मात्र जनावरांचा एकच वाडा पुरता परिचित आहे, आणि तो म्हणजे कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने पिकात शिरलेले जनावर धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवण्याचा अधिकार शेतकऱ्यास दिला, सात दिवसांत धनी न आला तर दवंडी आणि पुढे जाहीर लिलाव सांगितला, आणि दंडाचा तक्ताही इतका काटेकोर आखला की हत्तीला दोन रुपये तर मेंढीला एक आणा. (चांदवडच्या शिवारात हत्ती कोणाचे पीक खाणार होता, हे तो तक्ता आखणाराच जाणे.) ज्याचे उभे पीक फस्त झाले त्याची फिर्याद खरी आहे, आणि कोंडवाडा मोडून टाका असे कोणी म्हणणार नाही. माझा आक्षेप एवढाच की, नुकसान करणाऱ्या मेंढीसाठी कायद्याने सविस्तर कलमे लिहिली, पण खत देणाऱ्या मेंढीच्या मुक्कामाला गावच्या दप्तरात एक ओळही सहसा लाभत नाही. म्हणून कळप रस्त्याकाठी टेकला की धनगर उपरा ठरतो आणि त्याचा मुक्काम अतिक्रमण ठरतो.

वस्तुतः महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या २२ व्या कलमानुसार सरकारी जमीन गुरचरणासाठी राखून ठेवता येते, आणि सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढून त्या गावाला परत द्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये राज्यांना दिला आहे. तेव्हा कोणत्या गायरानात कळपाने किती रात्री बसावे, पाणी कोठे पाजावे, कोणत्या पाणंदीने जावे, हे ग्रामसभेच्या ठरावाने ठरवून त्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात ठेवावी. प्रारंभ घाटाच्या वाटेवरील गावांनी करावा. कळप कधी येतात आणि कोणत्या बांधाने जातात, हे तेथल्या शेतकऱ्यांना कोणी सांगण्याची गरज नाही.